पाभर दुरुस्त केली, पण पुरावा चुलीत गेला



मागच्या लेखावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "विज्ञानात एम.एस्सी. करून इतिहासात पीएच.डी. करताना नेमकं काय वेगळं शिकावं लागतं?" त्याचं उत्तर मी एका चुकीच्या आधाराने देते. चूक माझीच आहे.

शिरूर तालुक्यात माझ्या आजोळी गोठ्याच्या माळ्यावर एक जुनी पाभर पडून होती. मराठवाड्यात, विदर्भात तुम्ही तिला तिफण म्हणत असाल. पाहिली नसेल तर थोडक्यात सांगते. बाभळीचं एक आडवं जाड लाकूड असतं, ते म्हणजे दिंड. त्यात तीन फण बसवलेले असतात. प्रत्येक फणामागे बांबूची एक पोकळ नळी असते. तिन्ही नळ्या वर एकत्र येतात आणि चाड्याला, म्हणजे तीन भोकं असलेल्या लाकडी वाटीला, जोडलेल्या असतात. पुढे बैल चालतात, फण जमीन चिरत जातात आणि पेरणारा चाड्यावर मूठ धरून बी सोडत राहतो. बी तिन्ही तासांत पडतं.

माझा विषय शेती-अवजारांचा इतिहास. त्यामुळे ही पाभर पुन्हा चालती करायची असं मी ठरवलं. एक फण मोडला होता, दोन नळ्या किडक्या होत्या आणि चाडं तडकलेलं होतं. गावातल्या सुतारकाकांनी बाभळीचा नवा फण घडवला. बांबू आणून त्याच्या गाठी आतून फोडल्या आणि नळ्या केल्या. तोवर मी चाडं साफ करायला घेतलं. त्याचं एक भोक चिंधी आणि वाळलेल्या मातीने बुजलेलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हरने ते सगळं उकरून काढलं, चाडं घासलं, तेल लावलं. चिंधी चुलीत गेली.

संध्याकाळी आजी चाडं हातात घेऊन म्हणाली, "अगं, ह्यातलं बोळं कुठंय? ते तुरीसाठी बुजवलं हुतं."

बाजरीत तूर घ्यायची असेल तर चाड्याचं एक भोक बुजवायचं, म्हणजे त्या तासात बाजरी पडत नाही. मग त्याच फणामागे दोरीने एक वेगळी नळी बांधायची. आमच्याकडे तिला मोघण म्हणतात. ती धरून मागून चालणारा माणूस तिच्यातून तूर सोडतो. आमच्या घरी हे काम आजी करायची. म्हणजे या पाभरीने शेवटची पेरणी बाजरी-तुरीची केली होती आणि त्या पेरणीत आजी होती. याचा वस्तूवर उरलेला एकमेव पुरावा मी घाण समजून जाळला.

आता हे एका घरापुरतं का नाही, ते सांगते.

पेरणीयंत्राचा इतिहास शोधायला गेलात तर पहिलं नाव येतं इंग्लंडच्या जेथ्रो टल यांचं. १७०१ च्या सुमारास त्यांनी यंत्र केलं, १७३१ मध्ये पुस्तक काढलं. पण नळीतून बी पेरणारी अवजारं त्याआधी हजारो वर्षं मेसोपोटेमियात होती, तिथल्या मुद्रांवर त्यांची चित्रं आहेत. दक्षिण भारतातली पेरणीची पद्धत पाहून कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने १७९० च्या दशकात मायदेशी कळवलं की ज्याला आपण युरोपचा नवा शोध समजत होतो, ते इथले शेतकरी साध्या अवजाराने करतात. धरमपाल यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात तो मजकूर पुन्हा छापला. आपल्या पाभरीचं वर्णन मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडात, १८८५ मध्ये आलेलं आहे.

हे सगळं मी वाचलेलं होतं. "पहिलं कुणाचं?" या वादात मला भारी रसही होता. पण टल यांच्या यंत्रात आणि पाभरीत असलेला खरा फरक माझ्या नजरेतून सुटला होता. टल यांच्या यंत्रात बी किती पडावं हे खाचा असलेला फिरता भाग आणि स्प्रिंग ठरवतात. पाभरीत असा भागच नाही. तिथे माप म्हणजे माणसाची मूठ.

हे पडताळून पाहायला आम्ही पाभर विटांवर ठेवली आणि तीन नळ्यांखाली तीन वाट्या ठेवल्या. मी बाजरी सोडली. एक वाटी भरली, दुसरीत निम्मी आणि तिसरीत तर चिमूटभर. मग आजी बसली. बोटं सैल, मनगट गोल फिरतंय, धार तुटत नाही. तिन्ही वाट्या जवळजवळ सारख्या! सुतारकाका हसून म्हणाले, "पाभर मी नीट केली, हात कोण करणार?"

तेव्हा कळलं की फण-नळ्या बसवल्या म्हणजे अवजार चालतं झालं असं नाही. त्याचा अर्धा भाग आजीच्या मनगटात आहे आणि त्याची नोंद मी वाचलेल्या कागदांत नव्हती.

तर तुमच्यासाठी तीन गोष्टी.

एक, साफ करण्याआधी नोंद करा. प्रयोगशाळेत आपल्याला भांडं आधी धुवायची सवय लागते. इतिहासात कित्येकदा ती घाण हाच नमुना असतो. माझं नशीब, भावाला दाखवायला म्हणून मी माळ्यावरच चाड्याचा एक फोटो काढला होता. त्यात बोळा दिसतो. धूसर आहे, पण आहे.

दोन, जे बदललं ते लपवू नका. मोडका फण आणि किडक्या नळ्या मी चिठ्ठी लावून ठेवल्या आहेत. नव्या फणावर आतल्या बाजूला सुतारकाकांनी साल कोरलं आहे.

तीन, वस्तूला हात लावण्याआधी ती वापरलेल्या माणसाला विचारा. मी आजीला सगळ्यात शेवटी विचारलं, तेही तिनेच विषय काढला म्हणून.

आता तिच्या हाताचे व्हिडिओ काढणं चालू आहे. ती वैतागते, म्हणते, "बघून येत न्हाई, मूठ धर." म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास मी वाट्यांपुढे बसते. तिसरी वाटी अजून मागेच आहे.

तुमच्या घरी माळ्यावर काय पडलंय? उतरवण्याआधी वही घ्या.