नाकारलेला बाल्झाक

लेखकाचा पुतळा म्हणजे त्याच्या देहाचा पुतळा, की त्याच्या निर्मितिक्षणाचा? १८९१ मध्ये एमिल झोला अध्यक्ष असताना फ्रेंच साहित्यिकांच्या संस्थेने ऑग्यूस्त रॉदँकडे बाल्झाकच्या पुतळ्याचे काम सोपवले, तेव्हा हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनात नसावा. अठरा महिन्यांत पुतळा देण्याचे रॉदँने कबूल केले. प्रत्यक्षात सात वर्षे लागली.

या काळात त्याने बाह्य साम्याची उपेक्षा केली, असे मुळीच नाही. १८५० मध्ये निवर्तलेल्या बाल्झाकच्या शोधात तो तूरेन या त्याच्या जन्मप्रदेशात गेला, तिथले चेहरे न्याहाळले, जुन्या मापांवरून कपडे शिवून घेतले. सुटलेल्या पोटाचा नग्न बाल्झाकही त्याने घडवला. आणि मग हे कष्टाने मिळवलेले शरीर एका सैल झग्याखाली झाकून टाकले. रात्री लिहिताना बाल्झाक असाच झगा घालत असे.

१८९८ च्या प्रदर्शनात हा प्लास्टरचा पुतळा मांडला गेला आणि गदारोळ उडाला. कोणाला त्यात बर्फाचा माणूस दिसला, कोणाला पोते. हातात लेखणी नाही, पुस्तक नाही; हातच दिसत नाहीत. किंचित मागे कललेला एक उभा प्रस्तर आणि वर खोल डोळ्यांचे, आयाळीसारख्या केसांचे मस्तक. रॉदँला सरसकट दृक्प्रत्ययवादी म्हणता येणार नाही. पण इथे तपशील गाळून प्रकाशाला पृष्ठभागावर खेळू देण्याची त्याची रीत त्या चित्रकारांच्या जवळची आहे. जवळून पाहिले तर नुसते उंचवटे आणि खळगे. दूर गेल्यावर त्यांतूनच माणूस उभा राहतो.

संस्थेने ही आपल्या बाल्झाकची मूर्ती मानण्यास नकार दिला. चाहत्यांनी वर्गणीतून ती विकत घेण्याची तयारी दाखवली. पण रॉदँने आगाऊ रक्कम परत केली आणि पुतळा म्यूदाँच्या आपल्या घरी नेला. १९१७ मध्ये तो वारला. ब्राँझचा बाल्झाक पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला तो १९३९ मध्ये.

नाकारणारे लोक साहित्यिक होते, हे आम्हांला अधिक अस्वस्थ करते. कादंबरी म्हणजे जीवनाची नक्कल नव्हे, असे आम्ही वर्गात शिकवतो. आणि चौकातल्या पुतळ्यासमोर मात्र पहिला प्रश्न विचारतो, ‘हुबेहूब आहे का?’ बाल्झाकच्या झग्यापुढे तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवता आला, तरच पाहण्याला सुरुवात होते.