दरफाळणी आणि शिळा सण

मराठी माणूस पोटापाण्यासाठी परमुलखात गेला म्हणजे आणखी काही नेवो न नेवो, आपल्या सणांची नावे तेवढी बरोबर नेतो. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बहुतांशी संक्रांत, पाडवा, गणेशोत्सव आणि कोजागिरी यांचाच इतिहास आहे. परंतु मराठी सणांची यादी आपण समजतो तेथे संपत नाही. नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, शिळा सण ही नावेही मराठीच आहेत आणि कोकणातील घरांतून ती पिढ्यान् पिढ्या उच्चारली गेली आहेत. ही घरे बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाची होत. त्या सणांची आणि त्या दिवशी इतर धर्मांच्या स्नेह्यांशी होणाऱ्या भेटीगाठींची हकीकत या सुवर्णमहोत्सवी अंकात सांगावी, असे आम्ही योजिले आहे. तीत एका शिकारी मित्रमंडळाचा उल्लेख ओघाने येईल. किंबहुना त्या मंडळीमुळेच हा विषय आम्हास कळला.

बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असता अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. उरले ते थोडे आचार. शनिवारी काम न करणे, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून कुलाबा जिल्ह्यात त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. पुढे दावीद राहाबी नावाचा यहुदी गृहस्थ तेथे आला. त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे नाना जातींचे मासे ठेवले, आणि ज्यांना पंख व खवले नाहीत असे मासे त्यांनी बाजूला काढताच हे आपलेच धर्मबंधू होत हे त्याने ओळखले, अशी आख्यायिका आहे. माणसाची ओळख तो काय खातो यापेक्षा काय खात नाही यावरून पटावी, ही गोष्ट पुढील मजकुरासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गावांवरून आडनावे घेण्याची कोकणी रीत त्यांनीही उचलली. किहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर. यांपैकी हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो पुढे १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. समाजाच्या जुन्या सणांची नावे त्यात नोंदलेली आहेत. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. नव्या धान्याच्या खिरीचा तो खिरीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास वालाच्या बिरड्यावर सोडीत म्हणून तो बिरड्याचा रोजा. वर्षारंभापूर्वीच्या उपवासाच्या महिन्याला ते चक्क रमजान म्हणत. त्यांच्या धार्मिक पुढाऱ्यास काझी ही संज्ञा होती, आणि १८८० सालापासून बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. सण, खीर आणि कीर्तन हिंदू शेजाऱ्यांच्या बोलीतले. रोजा, काझी आणि रमजान मुसलमान शेजाऱ्यांच्या बोलीतले. धर्म मात्र स्वतःचा.

शब्दांची ही देवघेव उलट दिशेनेही झाली. मुंबईत सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. दिवेकर हे इंग्रजी फौजेतील अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्यांचा नवस होता, अशी परंपरा आहे. मुंबईचे लोक त्या घरास मशीद म्हणू लागले, आणि मशीद बंदराचे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. इकडे पुण्यात बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनी बांधावयास घेतलेले आणि १८६७ साली पुरे झालेले प्रार्थनामंदिर ‘लाल देऊळ’ म्हणून प्रसिद्ध झाले. एकाच धर्माच्या देवघराला मुंबईने मशीद म्हटले आणि पुण्याने देऊळ, आणि त्यात कोणास काही वावगे वाटले नाही.

या सर्व सणांत दोन दिवसांची जोडी आम्हास विशेष अर्थपूर्ण वाटते. यहुदी वर्षाच्या दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस येतो. बेने इस्रायलांनी त्यास दरफाळणीचा, म्हणजे दार लावून घेण्याचा सण म्हटले. त्या दिवशी ही माणसे कडक उपवास करीत, पांढरी वस्त्रे नेसत, घराची दारे मिटून आत राहत आणि इतरांचा संपर्क टाळीत. पूर्वजांचे आत्मे आदल्या दिवशी घरी येतात, अशी त्यांची समजूत होती. आपल्याला पितृपक्षाचीच आठवण व्हावी. दुसऱ्या दिवशी ते आत्मे परतत आणि दारे उघडत. तो शिळा सण. तो दिवस दानधर्माचा आणि स्नेह्यासोबत्यांच्या भेटीचा. शेजाऱ्याच्या अंगी दोन्ही गुण हवेत: आज दार मिटलेले आहे हे ओळखण्याचा, आणि उद्या ते उघडेल तेव्हा हजर राहण्याचा.

एकोणिसाव्या शतकापासून लष्कर, रेल्वे, टपाल आणि दवाखाने यांच्या नोकऱ्यांनी बेने इस्रायलांना आपल्यासारखेच दूरदूर नेले. दिल्लीत हुमायून रस्त्यावर १९५६ साली त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. अहमदाबादेत खमासा भागात ते १९३४ सालीच झाले होते. या अहमदाबादकर बेने इस्रायलांत डॉ. रूबेन डेव्हिड (१९१२–१९८९) हे नाव सर्वतोमुखी झाले. घराण्याचे मूळ आडनाव दांडेकर. तरुणपणी ते नामांकित शिकारी होते. पुढे बंदूक खाली ठेवून त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने पशुवैद्यक आत्मसात केले आणि १९५१ साली कांकरिया तलावाकाठी प्राणिसंग्रहालय उभारले. १९७५ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या एस्थर डेव्हिड यांनी इंग्रजी कथा-कादंबऱ्यांतून या समाजाचे जीवन जगापुढे मांडले आहे.

सरकारी नोकरीत बदलीवर आम्हीही अहमदाबादेस काही वर्षे होतो. आमच्या शेजारच्या जिन्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध बेने इस्रायल गृहस्थ राहत. आम्ही त्यांस काका म्हणत असू. पन्नास-साठ साली तेही परवाना काढून शिकारीस जात. सोबतीस एक पठाण खाँसाहेब आणि एक काठियावाडी दरबार. रानातल्या मुक्कामी तिघांच्या पंक्तीची मौज काका सांगत. रानडुक्कर मिळाले तर ते एकट्या दरबारांचे. उरलेल्या दोघांना ते वर्ज्य. ससा खाँसाहेबांना चाले, काकांना चालत नसे, कारण मोशेच्या नियमाने तो निषिद्ध. हरिण तिघांच्याही धर्मांत बसणारे. पण गोळीने मेलेले जनावर यहुद्याला खाता येत नाही, ते विधिपूर्वक सुरीने कापलेलेच पाहिजे. त्यामुळे तिघांत नेमबाज म्हणून ज्यांचे नाव होते, ते काका बहुतेक वेळा शिकार चाखतच नसत! त्यांच्यासाठी दरबारांच्या घरून बाजरीचे रोटले आणि लसणाची चटणी वेगळ्या फडक्यात बांधून येई. “मी काय खात नाही हे त्या माउलीला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते,” असे काका म्हणत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. बंदुका गेल्या, रान सुटले. परंतु मैत्री सुटली नाही. तिघांच्या भेटीला आता सणांचेच निमित्त उरले. ईदेला काका आणि दरबार खाँसाहेबांकडे, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘साल मुबारक’ म्हणत दोघे दरबारांकडे, आणि यहुदी वर्षारंभी ‘शाना तोवा’ म्हणावयास दोघे काकांकडे.

१९९६ सालच्या सप्टेंबरातील गोष्ट. गणेशोत्सव चालू होता. यहुद्यांचे नववर्ष होऊन गेल्याचे आम्ही वर्तमानपत्रात उशिरा वाचले आणि शुभेच्छा राहून गेल्याची चुटपुट लागली. मोदकांचा प्रसाद डब्यात भरून आम्ही काकांचे दार वाजवले. आतून हालचालीचा आवाज आला, दार मात्र उघडले नाही. पुन्हा वाजवणार इतक्यात खालच्या पायरीवरून खाँसाहेबांनी हात वर केला. ते इमारतीत दुसऱ्याच कोणाकडे आले होते. “आज नाही,” ते हलक्या आवाजात हिंदीत म्हणाले. “आज त्यांची दरफाळणी. उद्या शिळा सण. उद्या या.” मग डब्याकडे पाहून त्यांनी विचारले, “हे देवापुढे ठेवलेले आहे का?” आम्ही होय म्हणालो. “ते त्यांना चालत नाही. दरबारांच्या घरून येते ते नैवेद्य दाखवण्याआधी वेगळे काढलेले.”

त्या पायरीवर आम्हास जी शरम वाटली, तिचे कारण आज नीट सांगता येते. आपला डबा चुकला, वेळ चुकली, हे तर होतेच; परंतु ‘दरफाळणी’ हा शब्द आमच्या मायबोलीतला. आम्ही मराठीत बी. ए. झालेले. तो शब्द आम्हास गुजरातेतल्या एका पठाणाकडून शिकावा लागला.

दुसऱ्या दिवशी, देवापुढे न ठेवलेला नारळीपाक घेऊन आम्ही गेलो. दार सताड उघडे होते. खाँसाहेब आणि दरबार आधीच येऊन बसले होते. काकांनी आमचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेतले आणि मग स्वतःची बोटे ओठांना लावली. प्रार्थनामंदिरात एकमेकांस भेटण्याची ही त्यांची रीत. तिला ते हातबोशी म्हणतात. आदल्या दिवसाबद्दल आम्ही क्षमा मागू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “काल तुम्ही पुन्हा दार वाजवले नाहीत, तीच कालची शुभेच्छा.” वाजवण्याच्या बेतात होतो हे सांगण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. खाँसाहेबही काही बोलले नाहीत.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. तेथे त्यांच्या यहुदीपणाविषयीच धर्मपीठाने शंका काढली. त्याविरुद्ध त्यांनी निदर्शने केली, तेव्हा १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व बाबतीत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे असल्याचा ठराव केला. भारतात आता काही हजारच माणसे उरली आहेत. महाराष्ट्राने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली त्यांस अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. तिकडे गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक चालविले, याहून अधिक त्यांच्या मराठीपणाचा पुरावा तो कोणता?

काका १९९८ च्या सुमारास मुलाकडे इस्रायलला गेले. त्या जिन्यातील दारावर आता दुसरे नाव आहे. आपल्या मंडळाच्या सभासदपत्रिकेत आम्ही पाहिले तेथवर एकही बेने इस्रायल नाव नाही. ती माणसे शहरात नव्हती म्हणून, की आपण विचारलेच नाही म्हणून, हा प्रश्न आम्ही कार्यकारिणीपुढे आदरपूर्वक ठेवतो. सण येतात, दारे मिटतात आणि उघडतात. शिळ्या सणाच्या दिवशी उंबऱ्याशी कोणीतरी असले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.