हरणाचं माप

आमच्या पळसदेवच्या माळावर चिंकारा दिसला की अब्बा शेळ्या थांबवून म्हणायचे, "बघ, आपल्या बोकडाएवढाच आहे की!" ते खरंच होतं. चिंकारा खांद्यापाशी जेमतेम सव्वादोन फूट, वजन वीस-पंचवीस किलो. पुढे सह्याद्रीच्या जंगलात सांबराचा नर पाहिला. दोनशे किलोंच्या वर भरणारं ते धूड पाहून मनात प्रश्न आला : हरणं कुठे मोठी होतात, कुठे लहान राहतात, हे ठरवतं कोण?

मित्रहो, बोलीत आपण दोघांनाही हरीणच म्हणतो, पण त्यांची कुळं वेगळी. सांबराची शिंगं झडून पुन्हा येतात, चिंकाऱ्याची जन्मभर टिकतात. चिंकारा लहान असणं ही त्याची जातच आहे. थोड्या चाऱ्यावर आणि पाल्यातल्या ओलाव्यावर भागवायचं, तर आटोपशीर देह बरा. या चिंकाऱ्याची शास्त्रात नोंद झाली तीही आपल्या दख्खनमधूनच. कंपनी सरकारच्या नोकरीत इथे फिरलेले कर्नल साइक्स यांनी 1831 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं.

खरं कोडं आहे ते एकाच जातीचं जनावर एका मुलखात थोराड आणि दुसऱ्या मुलखात खुजं का, याचं. त्याचं पहिलं गाजलेलं उत्तर 1847 साली कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. थंड मुलखातली जनावरं मोठी असतात, कारण मोठा देह ऊब राखून ठेवतो. पेल्यातला चहा लगेच निवतो, पातेल्यातला उशिरा, तसंच हे. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाकडे पाहिलं तर ते पटतंही. कॅनडाच्या बाजूला त्याचे नर शंभर किलोंच्या पुढे जातात आणि फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर तेच हरीण पस्तीस-चाळीस किलोंवर थांबतं.

पण कॅनडातले प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेरियस गाइस्ट यांनी 1987 साली या नियमावर बोट ठेवलं. उत्तरेकडे जाताना हरणांचा आकार वाढतो खरा, पण साधारण साठ अंश अक्षांशांच्या पुढे तो पुन्हा घटू लागतो. थंडी तर वाढतच जाते, मग देह का घटावा? त्यांचं उत्तर होतं : चारा. वाढीच्या दिवसांत कोवळा, कसदार चारा किती दिवस मिळतो आणि एकेका तोंडाच्या वाट्याला तो किती येतो, यावर देह ठरतो.

याचे दाखले इतिहासात आहेत. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढली आणि इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर युरोपातली तांबडी हरणं अडकली. त्यांची हाडं तपासून एड्रियन लिस्टर यांनी 1989 साली दाखवून दिलं की सहा हजार वर्षांच्या आत त्यांचं वजन एक षष्ठांशावर आलं होतं. बेटावरच्या मर्यादित चाऱ्यात लहान देहाची सरशी झाली. न्यूझीलंडमध्ये उलटं घडलं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून तिथे नेलेली तांबडी हरणं मोकळ्या, हिरव्या रानात मायदेशापेक्षा थोराड झाली. पुढे त्यांची संख्या बेसुमार वाढली, रानं उघडी पडली, जनावरं पुन्हा खुरटू लागली. 1930 च्या दशकात सरकारला शिकारी नेमावे लागले. रक्त तेच होतं, फक्त वाट्याला येणारा चारा बदलला होता.

हे वाचताना मला आमचं घर आठवलं. माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आई खडी फोडायला जायची. तिच्या पोटात लाल मिलोची भाकरी आणि सुकडी, तेच माझ्या वाट्याला. पुढे उजनी धरण झालं, जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. आजही धरण फार आटलं की पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं. गाव गेल्याचं दुःख घरात कायम राहिलं, पण पाण्यामागून ऊस आला, दारात दुभती म्हैस आली. ब्याऐंशीला जन्मलेला धाकटा भाऊ दुधातुपावर वाढला. तो माझ्याहून चार बोटं उंच आहे. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. पण "हा बुटका कुणावर गेला?" असं पाहुणे विचारायचे, तेव्हा आई खाली मान घालायची. आता वाटतं, मी कुणावरच गेलो नव्हतो. मी त्या सालावर गेलो होतो.

आमच्या तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारे अजून आहेत. बारामतीत सुप्याजवळ 1997 साली त्यांच्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं, ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. बाकीच्या माळांकडे आपण पडीक जमीन म्हणूनच पाहतो. कुठे नांगर घालतो, कुठे खड्डे खणून झाडं लावतो आणि वर पर्यावरणाचं काम केल्याचं समाधानही मानतो. पण चिंकाऱ्याच्या पाडसाला सावलीहून गवताची गरज जास्त असते. आईला गवत मिळालं तर दूध उतरतं आणि दूध मिळालं तर पाडसाचं हाड भरतं.

अब्बा कोकरू विकत घेताना त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "याची आई कुठं चरली?" हरणांबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं.