विवाहमंडपाच्या सावलीत : महेश दत्तानी यांची नाट्यकारकीर्द

समलिंगी जीवन भारतीय इंग्रजी रंगभूमीवर उघडपणे आणणारे नाटककार म्हणून महेश दत्तानी यांचा उल्लेख नेहमी केला जातो. मात्र हे चित्रण त्यांनी कशाभोवती उभे केले, हे पाहिल्याखेरीज त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व उलगडत नाही. दत्तानींच्या या नाटकांचे केंद्र कामवासना नसून विवाहसंस्था आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

दत्तानी यांचा जन्म 1958 साली बंगळूरमधील एका गुजराती कुटुंबात झाला. नट आणि दिग्दर्शक म्हणून रंगभूमीवर वावरत असतानाच 1984 मध्ये त्यांनी ‘प्लेपेन’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. त्यांनी पाश्चात्त्य बॅले आणि भरतनाट्यम या दोन्ही नृत्यप्रकारांचे शिक्षण घेतले होते. ‘डान्स लाइक अ मॅन’ (1989) या नाटकात भरतनाट्यम करणाऱ्या जयराजला त्याचे वडील विरोध करतात. मुलाने केस वाढविले, तरी त्यांना ते पौरुषाला लागलेले लांछन वाटते. या नाटकात समलिंगी प्रेम नाही. परंतु ‘पुरुष’ कुटुंबात कसा घडविला जातो, हा दत्तानींचा पुढील सर्व लेखनातील प्रश्न येथेच आकाराला आला.

‘ब्रेव्हली फॉट द क्वीन’ (1991) मध्ये या प्रश्नाला विवाहाची जोड मिळते. नितीन आणि प्रफुल्ल यांचे परस्परांवर प्रेम आहे आणि प्रफुल्लच आपली बहीण अलका हिचा विवाह नितीनशी लावून देतो. एका पुरुषाचे गुपित झाकण्याची किंमत स्त्रीला आपल्या आयुष्याने चुकवावी लागते. बीबीसीसाठी लिहिलेल्या ‘डू द नीडफुल’ (1997) या नभोनाट्यात मात्र हेच आवरण दोघांच्या संमतीने पांघरले जाते. गुजराती अल्पेश आणि कन्नड लता हे दोघेही परस्परांचे सत्य जाणून विवाहाला होकार देतात. फसवणूक संपते, विवाहाची सक्ती मात्र कायम राहते.

‘ऑन अ मगी नाइट इन मुंबई’ (1998) हे या आशयसूत्राचे सर्वांत परिपक्व रूप होय. कमलेशच्या सदनिकेत त्याचे मित्र जमले आहेत आणि खाली आवारात एका लग्नाचा गलबला चालू आहे. त्याचा पूर्वीचा प्रियकर प्रकाश ‘एड’ हे नाव धारण करून कमलेशच्याच बहिणीशी, किरणशी, विवाह करू पाहतो. एका छायाचित्रामुळे सत्य उघड होते. खालचा मंडप आणि वरची सदनिका यांच्यातील हे अंतर म्हणजेच नाटकाचा खरा संघर्ष. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (1981) मधील मित्रा एकाकीपणाच्या अंती मृत्यूला कवटाळते; येथे कमलेशभोवती भांडणारे, थट्टा करणारे, पण साथ न सोडणारे मित्रमंडळ आहे. हा फरक सतरा वर्षांतील बदलत्या नागर जीवनाचा निदर्शक आहे. 2002 मध्ये दत्तानींनीच या नाटकावर ‘मँगो सूफ्ले’ हा चित्रपट दिग्दर्शित केला.

‘सेव्हन स्टेप्स अराउंड द फायर’ (1999) या नभोनाट्याचे शीर्षकच सप्तपदीची आठवण करून देते. मंत्रिपुत्राशी गुपचूप विवाह केलेल्या कमला या तृतीयपंथी व्यक्तीची हत्या होते. ज्यांचा आशीर्वाद लग्नघरी शुभ मानला जातो, त्यांनाच वधू होण्याचा अधिकार नाही, ही विसंगती दत्तानी समोर ठेवतात.

या नाट्यविश्वाला मर्यादा आहेत. ते मुख्यतः सुस्थित, इंग्रजी बोलणाऱ्या घरांचे आहे. कमलेशचा पहारेकरी आणि अल्पेशच्या कथेतील माळी इच्छेचे विषय होतात. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची कथा मात्र अनुच्चारितच राहते. तरीही 1998 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे पहिले भारतीय इंग्रजी नाटककार, एवढ्यापुरता दत्तानींचा गौरव सीमित ठेवणे अपुरे ठरेल. ही नाटके लिहिली गेली, तेव्हा समलिंगी संबंध कलम 377 नुसार गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. 2023 मध्ये मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. सदनिकेचे दार उघडले आहे, मंडपाचे नाही. दत्तानींनी दाखविलेले ते अंतर म्हणूनच इतिहासजमा झालेले नाही.