शेतजमिनीची वारसावाटणी (बारामती व इंदापूर तालुके)

शेतजमिनीची वारसावाटणी म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याची शेतजमीन वारसांमध्ये विभागण्याची प्रक्रिया होय. बोलीभाषेत तिला नुसते 'वाटणी', तर तीवरून आप्तांत निर्माण होणाऱ्या कलहाला 'भाऊबंदकी' म्हणतात. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत कालव्याखालची बागायती आणि पावसावर अवलंबून असलेली जिरायती अशा दोन्ही प्रकारच्या जमिनी आढळतात. त्यामुळे येथील वाद केवळ क्षेत्राचे नसून कोणता तुकडा आणि त्याला कोणते पाणी, याविषयीचेही असतात.

पार्श्वभूमी

दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेकडील पट्ट्याला नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते, तर इंदापूरच्या भीमाकाठच्या गावांत उजनी जलाशयातून उपसा सिंचन होते. या पाण्यावर ऊस वाढला आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती यांसारखे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. याउलट बारामतीचा सुपे-मोरगाव परिसर परंपरेने जिरायती आहे. कालव्याखालची एक एकर आणि माळावरची एक एकर यांच्या मोलात मोठी तफावत असल्याने समान क्षेत्र म्हणजे समान वाटणी, असे समीकरण येथे लागू पडत नाही.

वाटणीमुळे होणाऱ्या तुकडीकरणाचा अभ्यास पुणे जिल्ह्यात फार पूर्वी झाला. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागर येथील पाहणीत सरासरी धारणक्षेत्र १७७१ मधील ४० एकरांवरून १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ च्या निबंधात या समस्येचे मूळ वारसा कायद्यापेक्षा शेतीवरील लोकसंख्येच्या भारात असल्याचे सांगून औद्योगिकीकरण हा उपाय सुचविला. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले.

हिश्शांचे गणित

हिंदू कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. मृत्युपत्र नसल्यास मृत पुरुषाची स्वकष्टार्जित जमीन पत्नी, मुलगे, मुली व आई यांना समान हिश्शाने मिळते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र मुलीला पूर्वी जन्मतः हक्क नव्हता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद मानले; तथापि त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत हा अपवाद राहिला नाही.

या बदलाचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होतो. वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत आणि वडिलोपार्जित जमीन ८ एकर, म्हणजे ३२० गुंठे आहे, असे समजू. जुन्या नियमानुसार प्रथम वडील, आई व दोन मुलगे यांचे चार समान हिस्से होत. नंतर वडिलांचे ८० गुंठे पाच वारसांत विभागले जात. त्यामुळे आई व प्रत्येक मुलगा यांना ९६, तर प्रत्येक मुलीला १६ गुंठे मिळत. आजच्या नियमानुसार पाचही जणांना ६४ गुंठे मिळतात.

हिश्शांच्या या जुन्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाचा गुरुपाद विरुद्ध हिराबाई (१९७८) हा निर्णय प्रसिद्ध आहे. पतीच्या निधनानंतर मुलाविरुद्ध दावा लावणाऱ्या विधवेला त्यात स्वतःचा १/४ आणि पतीच्या हिश्शातील १/२४ असा एकूण ७/२४ हिस्सा मान्य झाला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा (११ ऑगस्ट २०२०) या निर्णयाने २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क अबाधित राहतो, असे ठरविले. वाटणी पूर्वीच तोंडी झाली होती, हा बचाव सार्वजनिक दस्तऐवजांच्या पुराव्याशिवाय सहसा ग्राह्य धरता येणार नाही, असेही त्यात नमूद आहे.

वारसनोंद आणि वाटणी

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. त्यानंतर फेरफार नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यामुळे सर्व वारसांची नावे सातबाऱ्यावर सामाईक लागतात. जमीन विभागली जात नाही. फेरफार महसुली कामासाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष वाटणी नोंदणीकृत वाटणीपत्राने, संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांमार्फत किंवा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होते. हक्काविषयी वाद उपस्थित झाल्यास तहसीलदारांना त्याचा निवाडा होईपर्यंत वाटप करता येत नाही. वाटपानंतर भूमी अभिलेख विभाग मोजणी करून पोटहिस्से पाडतो. जमिनीचा कस, पाणी व रस्ता विचारात घेऊन केलेल्या वाटपास 'सरस-निरस वाटणी' म्हणतात.

तुकडेबंदी कायद्यामुळे (१९४७) प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार ही मर्यादा बागायतीसाठी १० व जिरायतीसाठी २० गुंठे आहे. ज्याच्या वाट्याला याहून कमी जमीन येते, त्याला जमिनीऐवजी मोबदला देण्याची तरतूद आहे.

वादाची प्रमुख कारणे

पाणी : विहीर एकाच्या हिश्शात आणि पाळी सर्वांची, अशी व्यवस्था अनेक वाटण्यांत असते. पाळीचे दिवस, वीजबिल व पाइपलाइनचा मार्ग लेखी नसल्यास पुढे तंटा होतो.

बांध व रस्ता : पोटहिस्से पाडल्यावर आतील शेताचा रस्ता अडतो. अडवलेला वहिवाटीचा रस्ता खुला करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये, तर नव्या रस्त्यासाठी संहितेच्या कलम १४३ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते.

ऊस व कारखान्याचे भाग : ऊसनोंद ज्याच्या नावे असते त्याच्या खात्यावर बिल जमा होते. सभासदाच्या निधनानंतर त्याचे भाग नामनिर्देशित व्यक्तीकडे वर्ग झाले, तरी इतर वारसांचा हक्क केवळ तेवढ्याने संपत नाही.

भूसंपादनाचा मोबदला : पाटस-बारामती-इंदापूर मार्गे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे. अशा महामार्गासाठी घेतलेल्या सामाईक जमिनीच्या मोबदल्याच्या विभागणीवर वाद झाल्यास सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवितो.

बहिणींचे हक्कसोडपत्र : बहिणीने माहेरची जमीन मागू नये, हा संकेत दीर्घकाळ रूढ आहे. हिस्सा मागितल्यास माहेर तुटण्याची आणि न मागितल्यास कायमचा हक्क जाण्याची, अशी तिची दुहेरी अडचण होते. हक्कसोड स्वेच्छेने व नोंदणीकृत दस्ताने व्हावी लागते. तोंडी हक्कसोडीने स्थावर मालमत्तेतील हक्क संपुष्टात येत नाही.

दाद आणि तडजोड

फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (प्रांत) अपील करता येते; मालकीचा व हिश्शाचा निर्णय मात्र दिवाणी न्यायालयच करते. वाटपाच्या दाव्यात आधी हिस्से ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. सारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केले जाते. दावा चालू असताना एखाद्या सहवारसाने हिस्सा विकावयास काढल्यास इतरांना उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ खाली खरेदीचा अग्रहक्क असतो. ही तरतूद शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

एकाचा ताबा दुसऱ्याच्या नावावरील जमिनीवर, अशी अदलाबदल किमान १२ वर्षे चालत आलेली असल्यास राज्य शासनाच्या सलोखा योजनेत (२०२३) मुद्रांक व नोंदणी शुल्क प्रत्येकी १,००० रुपये आकारून ती नियमित करता येते. खटल्याचा निकाल हिस्सा ठरवितो. विहिरीची पाळी, बांधावरची वाट आणि सामाईक झाडे यांचा दैनंदिन व्यवहार मात्र निकालानंतरही त्याच भावंडांना एकमेकांशी करावा लागतो. म्हणून या बाबी वाटणीपत्रातच सविस्तर लिहिणे महत्त्वाचे ठरते.