अडीच तासांनी मागे

शाळेत असताना मी सायकल रेस करायचो. बारावीला घरचे म्हणाले, "यात करिअर कुठं आहे?" सायकल विकली, बीटेक केलं, आता मिहानमध्ये कोड लिहितो. म्हणून आजची गोष्ट मला जरा लागते. गोष्ट आहे आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांची.

जून 2017. रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे 'राम'. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडच्या ॲनापोलिसपर्यंत साधारण 4,800 किलोमीटर. नागपूर-मुंबई 800 धरा. तीन वेळा जा, तीन वेळा परत या. टूर द फ्रान्समध्ये दिवसाचा टप्पा संपला की घड्याळ थांबतं. इथे टप्पेच नाहीत. तुम्ही झोपलात तरी घड्याळ चालूच. एकट्या रायडरला मुदत 12 दिवसांची, म्हणजे रोज 400 किलोमीटर. मागे गाडीत क्रू असतो: खाणं, पाणी, रस्ता दाखवणं, पेंग आली तर जागं ठेवणं.

2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमने ही रेस पूर्ण केली होती. एकट्याने मात्र कुणाही भारतीयाला जमलं नव्हतं. 2017 मध्ये दोघांना जमलं. आधी पोचले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ; 2016 मध्ये त्यांना रेस अर्धवट सोडावी लागली होती. त्यांच्यापेक्षा साधारण अडीच तास जास्त घेऊन समर्थ पोचले, 11 दिवस 21 तासांत, तेही पहिल्याच प्रयत्नात. 'पहिला भारतीय' हा मान अडीच तासांनी गेला.

पण मला वेगळंच दिसतं. त्या वर्षीचा विजेता, ऑस्ट्रियाचा क्रिस्टोफ श्ट्रासर, आठ दिवस आणि काही तासांत पोचला. सायकल हाच त्याचा पेशा. आपले चौघंही डॉक्टर! आपल्याकडे रोड रेसिंगचा इतिहास असा दुसरी डिग्री हातात असलेल्या माणसांनी लिहिलाय. समर्थ तिथेच थांबले नाहीत. 2018 मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9,000 किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन रेस त्यांनी पूर्ण केली.

घरचे चुकले होते असं मी म्हणत नाही. पगाराचं करिअर खरंच नव्हतं. पण सायकल विकायची गरज नव्हती ना भाऊ. मागच्या वर्षी नवी घेतली. रविवारी पहाटे बुटीबोरीपर्यंत जाऊन येतो. सोमवारी मीटिंगला वेळेवर असतो.