हौशी चालकांसाठी उघडत गेलेलं दार: एससीसीएची वाटचाल

१९४४ च्या फेब्रुवारीत, महायुद्ध ऐन भरात असताना, बॉस्टनमध्ये काही मोटारवेडी मंडळी एका घरी जमली आणि त्यांनी ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन केला. पुढे सगळे त्याला एससीसीए म्हणू लागले. शर्यती भरवण्याचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. पेट्रोल रेशनवर, टायर दुर्मीळ. अशा काळात जुन्या देखण्या युरोपीय गाड्या भंगारात जाऊ नयेत, एवढीच या मंडळींची तळमळ होती. आपली गाडी सभासदाखेरीज इतर कुणाला विकली, तर सभासदत्व जाई. आत यायला गाडी हवी, ओळख हवी आणि अर्थात पैसाही हवा. आज त्याच क्लबात कुणीही रोजच्या वापरातली मारुती-होंडासारखी गाडी घेऊन जाऊ शकतो आणि पहिल्याच दिवशी घड्याळाविरुद्ध चालवू शकतो. हे दार इतकं कसं उघडलं, हा मला या क्लबाच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. तिथल्या विजेत्यांच्या याद्या मला त्यापुढे गौण आहेत.

शर्यतीची ओढ मात्र आधीपासून होती. माइल्स आणि सॅम या कॉलियर बंधूंनी तीसच्या दशकात हौशी चालकांची एक संघटना चालवली होती. ती १९४१ मध्ये बंद पडली आणि तिच्यातले बरेच जण नव्या क्लबात आले. युद्ध संपल्यावर कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं पुढाकार घेतला. त्याच्याकडे एमजी टीसी होती आणि ती पळवायला जागा नव्हती. न्यूयॉर्क राज्यातलं वॉटकिन्स ग्लेन हे गाव त्याच्या ओळखीचं. त्यानं गावातल्या आणि आसपासच्या रस्त्यांचा ६.६ मैलांचा फेरा आखला: थोडा डांबरी, थोडा मातीचा, मध्ये दगडी पूल आणि आगगाडीचे रूळ. २ ऑक्टोबर १९४८ रोजी तिथे शर्यत झाली, आणि त्या दिवसापुरती आगगाडी थांबवली गेली. फ्रँक ग्रिसवोल्ड अल्फा रोमिओ घेऊन जिंकला. खुद्द आर्गेटसिंगरही आपल्या एमजीतून उतरला होता.

त्या शर्यतीत बिल मिलिकन नावाच्या विमान-अभियंत्याची बुगाटी एका वळणावर उलटली. तो सुखरूप बाहेर आला आणि वळणाला त्याचंच नाव पडलं. पुढे वेगात वळताना गाडी कशी वागते, या विषयावर त्यानं आयुष्यभर काम केलं आणि त्याचा ग्रंथ आजही शर्यतीचे इंजिनिअर उशाशी ठेवतात. हौशी माणूस या खेळाला काय देऊ शकतो, हे सांगायला मला मिलिकन पुरेसा वाटतो.

पण गावातल्या रस्त्यांवरचा हा आनंद फार टिकला नाही. १९५० मध्ये तिथेच सॅम कॉलियरचा मृत्यू झाला. १९५२ मध्ये एक गाडी कडेच्या गर्दीला घासली आणि सात वर्षांचा मुलगा गेला, शिवाय डझनभर माणसं जखमी झाली. रस्त्याच्या कडेला हातभर अंतरावर लोक उभे राहत, तेव्हा असं कधी ना कधी होणारच होतं. त्या मुलाच्या मृत्यूनं शर्यत गावाबाहेर काढायला आणि प्रेक्षकांना मागे ठेवायला भाग पाडलं. चालकांना सुरक्षेचे नियम जाचक वाटतात तेव्हा ही गोष्ट त्यांना सांगायला हवी.

जागेचा प्रश्न सुटला तो अनपेक्षित ठिकाणी. हवाईदलाच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडचे प्रमुख जनरल कर्टिस लेमे स्वतः गाड्यांचे शौकीन होते. १९५२ पासून त्यांनी आपले हवाई तळ शर्यतींना दिले, सुरुवात जॉर्जियातल्या टर्नर तळापासून झाली. रुंद धावपट्ट्या, झाडं नाहीत, खांब नाहीत, आणि तिकिटांचं उत्पन्न तळावरच्या जवानांच्या सोयींसाठी. संसदेत टीका झाल्यावर १९५४ मध्ये हे थांबलं. तोवर मोकळ्या, आखीव जागेची सवय लागली होती. पुढच्या दोन वर्षांत रोड अमेरिका आणि वॉटकिन्स ग्लेनचा कायमचा ट्रॅक उभा राहिला. विस्कॉन्सिनमधला रोड अमेरिकाचा चार मैलांचा फेरा १९५५ पासून आजतागायत जवळजवळ तसाच आहे.

आपल्याकडेही जवळपास त्याच सुमारास हेच घडत होतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, आणि त्यांच्या शर्यती शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर होत. या क्लबाचा इरुंगट्टुकोट्टईचा कायमचा ट्रॅक नंतरचा. धावपट्टीवर शर्यत शिकलेल्या पिढ्या दोन्ही देशांत आहेत.

क्लबात तेव्हा एक तत्त्व कडक पाळलं जाई: शर्यतीचे पैसे घ्यायचे नाहीत. करंडक चालेल, रोख बक्षीस नाही. पैसे घेणाऱ्यावर बंदी येई. टेक्ससमध्ये कोंबड्या पाळणारा कॅरोल शेल्बी १९५३ मध्ये शेतातले पट्टेदार कपडे अंगावर असतानाच शर्यतीला आला आणि मग तेच त्याची ओळख झाली. अशी माणसं या तत्त्वामुळे क्लबाशी जोडली गेली, आणि याच तत्त्वामुळे काहींना बाहेरही जावं लागलं, कारण उत्तम चालकाला पोट भरायचंच असतं. पुढे जॉन बिशप कार्यकारी संचालक असताना क्लबानं व्यावसायिक शर्यतींचं वेगळं दालन उघडलं. १९६६ मध्ये कॅन-अॅम आणि ट्रान्स-अॅम या दोन गाजलेल्या मालिका सुरू झाल्या. हौशी चालकांसाठी १९६४ पासून वर्षातून एक राष्ट्रीय स्पर्धा ठेवली गेली. ती पहिल्यांदा कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला झाली. आता तिला ‘रनऑफ्स’ म्हणतात.

व्यावसायिक दालनाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्याच काळातल्या दुसऱ्या बदलाचं महत्त्व जास्त वाटतं: स्वस्त गाडीचा शोध. १९६३ मध्ये क्लबानं फॉर्म्युला व्ही या वर्गाला मान्यता दिली. फोक्सवॅगन बीटलचं १२०० सीसी इंजिन, बीटलचाच गिअरबॉक्स, बीटलचाच पुढचा आस, भोवती हलकी नळ्यांची चौकट. भंगारवाल्याकडे सुटे भाग मिळत, गॅरेजमध्ये हात काळे करून गाडी जुळवता येई. १९८४ मध्ये आली स्पोर्ट्स रेनॉ. इंजिन आणि गिअरबॉक्स सीलबंद, सगळ्या गाड्या सारख्या. आता ज्याला जिंकायचं असेल त्यानं चालवायला शिकावं, असा स्पष्ट हिशेब त्यामागे होता. १९९४ पासून तिच्यात फोर्डचं इंजिन आलं आणि ती स्पेक रेसर फोर्ड झाली. त्यानंतर आली स्पेक मियाता. माझदाची छोटी दोन आसनी गाडी, जुनी घ्या, पिंजरा बसवा, ठरलेले सस्पेन्शन आणि टायर लावा, झाली तयार. आज सगळ्यात दाटीवाटीच्या शर्यती याच वर्गात होतात. आपल्याकडे कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती बनवली, त्यामागेही हीच दृष्टी होती. नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्याच गाडीत झाली.

या काळात क्लबात आलेल्या माणसांवरून दार किती रुंद झालं ते दिसतं. अभिनेते पॉल न्यूमन यांना एका चित्रपटासाठी शर्यतीचं शिक्षण घ्यावं लागलं आणि मग त्यांना ते सुटेना. १९७२ मध्ये, सत्तेचाळीसाव्या वर्षी, ते क्लबाच्या शर्यतीत उतरले. नाव नोंदवताना ते पी. एल. न्यूमन असं लिहीत. चार राष्ट्रीय अजिंक्यपदं त्यांनी हौशी म्हणूनच मिळवली. जॅनेट गथ्री विमानक्षेत्रातली अभियंता. जॅग्वार घेऊन क्लबाच्या शर्यतींपासून सुरुवात करत ती १९७७ मध्ये इंडियानापोलिस ५०० साठी पात्र ठरलेली पहिली महिला ठरली. पन्नाशीकडे झुकतानाही सुरुवात करता येते, आणि इंडियानापोलिसपर्यंतही जाता येतं, हे या दोघांनी दाखवलं.

बहुतेकांच्या वाटेची सुरुवात मात्र मोठ्या ट्रॅकवर होत नाही. ती होते एखाद्या रिकाम्या वाहनतळावर, नारिंगी शंकूंच्या रांगांमध्ये. क्लबात याला ‘सोलो’ म्हणतात, बाहेर ऑटोक्रॉस. १९७३ पासून याची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि आता तिला हजाराहून अधिक चालक येतात. सकाळी सगळे पायी चालत मार्ग पाठ करतात: इथे आत वळायचं, तिथे ब्रेक, पुढचे तीन शंकू एकाआड एक. मग एक एक गाडी सुटते. फेरी साधारण मिनिटभराची, वेग महामार्गावरच्या वेगापलीकडे फारसा जात नाही. हेल्मेट नसेल तर क्लब देतो. आणि आपली पाळी संपली की घरी जायचं नाही: अंगावर रंगीत जॅकेट चढवून आपण शंकू सांभाळायला उभं राहायचं. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर खडूनं चौकट आखलेली असते. गाडीचा धक्का लागून शंकू हलला, पण उभा राहिला आणि त्याच्या बुडाचा कण जरी चौकटीला टेकला असेल, तर दंड नाही. पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दोन सेकंद. धावत जाऊन वाकायचं, खडूची रेघ पाहायची, शंकू उचलून जागेवर ठेवायचा, वायरलेसवर गाडीचा नंबर सांगायचा, आणि पुढची गाडी यायच्या आत मागे सरकायचं. या धावपळीत नवखा माणूस दुसऱ्यांचा वेग जवळून पाहतो आणि ‘मला हे जमेल का?’ याचं उत्तर त्याला तिथेच मिळतं.

मोठा ट्रॅक पाहायचा असेल, तर २०१५ पासून ‘ट्रॅक नाइट इन अमेरिका’ आहे. संध्याकाळी कामावरून सुटून यायचं, वीस वीस मिनिटांचे तीन सराव, नवख्यांचा गट वेगळा. शर्यत नाही, घड्याळ नाही. इतक्या सोप्या कल्पनेला सत्तर वर्षं का लागली, असं मला वाटतं.

खऱ्या शर्यतीचा परवाना यापुढचा टप्पा. डॉक्टरकडून तपासणी, सभासदत्व, मग शिकाऊ परवाना. त्यावर क्लबाच्या किंवा मान्यताप्राप्त शाळेत जायचं. सकाळी वर्गात झेंडे पाठ करायचे: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही, पिवळा पट्टा असलेला निळा म्हणजे मागून जलद गाडी येते आहे, काळा म्हणजे आत या, पिवळा आणि लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. मग ट्रॅकवर. शिक्षक वळणावळणावर उभे असतात आणि प्रत्येक गाडीविषयी टिपणं घेतात. कोण आरशात पाहतो, कोण ओलांडू देतो, कोण चुकल्यावर थांबून सुरक्षितपणे परततो. वेगापेक्षा त्यांची नजर याच गोष्टींवर असते. शाळा आणि त्यानंतरच्या ठरावीक शर्यती निभावल्या की पूर्ण परवाना. गाडी विकत घ्यायलाच हवी असं नाही. स्पेक रेसर फोर्ड शर्यतीपुरती भाड्यानं मिळते.

खर्चाविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवं. पिंजरा, सहा पट्ट्यांचा बेल्ट, आगीला तोंड देणारा सूट, मान वाचवणारं उपकरण, नोंदणी फी, टायर. स्वस्त वर्गातही हे ओझं मोठं आहे आणि अनेकांच्या खिशाला ते झेपत नाही हे स्वीकारावंच लागेल. म्हणून मी शंकूंच्या रांगांना इतकी जागा दिली.

आणि म्हणूनच वळणावर उभ्या राहणाऱ्या माणसांची आठवण काढल्याशिवाय मला थांबता येत नाही. पांढऱ्या कपड्यांतले झेंडेवाले, वेळ मोजणारे, गाड्या तपासणारे, गाड्या रांगेत लावणारे. यांपैकी कुणालाही पगार नाही. आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवार ते उन्हात नाहीतर पावसात उभे असतात. त्यांचेही परवाने असतात, त्यांनाही पायऱ्या चढाव्या लागतात. शर्यत संपल्यावर शेवटच्या सावकाश फेरीत चालक प्रत्येक वळणाला हात हलवतात आणि झेंडेवालेही उत्तर देतात. या रिवाजाचा नियम कुठे लिहिलेला नाही.

आपल्याकडच्या तरुणांनाही मला हीच वाट सुचवावीशी वाटते. कोइम्बतूरला, इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग असेल तेव्हा स्वयंसेवक म्हणून उभं राहण्याची चौकशी करा. खर्चाचा प्रश्न तेव्हा येतच नाही, आणि ट्रॅकच्या इतकं जवळ तिकीट काढूनही उभं राहता येत नाही.